पाच इंची क्रँक

लुधियान्यात अख्खी सायकल घेण्यापेक्षा सायकलीचा एखादा सुटा भाग घेणं सोपं आहे. गिल रोड, मिलरगंज या बाजूला दुकानांच्या रांगाच रांगा आहेत. एकाकडे नुसती पेडलं, दुसऱ्याकडे नुसती फ्रीव्हीलं, तिसऱ्याकडे छर्रे, तेही किलोवर. इथल्या रामगढिया कारागिरांच्या घरांत लोहारकाम आणि सुतारकाम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. फाळणीनंतर या शहरात सायकलीचा धंदा फोफावला. मुंजाल बंधूंनी सुट्या भागांपासून सुरुवात करून १९५६ साली हीरो सायकल्स काढली आणि १९८६ साली जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक कंपनी म्हणून तिचं नाव गिनीज बुकात गेलं. मी इथे बँकेच्या बदलीने आले, आणि निवृत्त झाल्यावरही राहिले. सोबत अण्णांची काळी अ‍ॅटलस होती, कराडहून रेल्वेच्या पार्सल डब्यातून आणलेली. अ‍ॅटलस मूळची हरियाणातल्या सोनिपतची. त्यामुळे माझ्यासाठी जी परगावची बदली होती, ती सायकलीसाठी माहेरी परतण्यासारखी होती.

या बाजारात मला भाषेची अडचण फारशी कधी आली नाही. आमच्याकडे जी दांडी, तो इथे डंडा. चिमटा दोन्हीकडे चिमटाच. फ्रीव्हीलच्या आत दात्यांना अडकणाऱ्या ज्या दोन बारीक खिट्ट्या असतात, त्यांना इथे कुत्ते म्हणतात. पेडल उलटं फिरवलं की त्यांचीच कटकट ऐकू येते, तेव्हा नाव चुकीचं म्हणता येत नाही. घासलेट मागितलं की दुकानदार थांबतो, मग मिट्टी का तेल म्हणावं लागतं. पण कॉटर मात्र कराडपासून लुधियान्यापर्यंत कॉटरच. क्रँक आणि मधला अ‍ॅक्सल यांना एकमेकांशी जखडून ठेवणारी, एका बाजूने तिरपी घासलेली बोटभर लांबीची ती लोखंडी पिन. तिला दुसरा शब्द कोणी शोधला नाही, कारण गरज पडली नाही.

काळ्या सायकलीचा एक गुण आणि एक दोष आहे, आणि दोन्ही एकच आहेत: ती बदलली नाही. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली रोव्हर नावाची सायकल बाजारात आणली. दोन जवळपास सारख्या आकाराची चाकं, मागच्या चाकाला साखळी. पुढच्या काही वर्षांत नळ्यांची चौकट आजच्या आकाराला आली आणि तिथेच थांबली. आपल्याकडे तीच आली. चाक २८ इंची, पुढे ३२ तारा, मागे ४०, रॉडचे ब्रेक, पुढचं दातेरी चक्र ४४ दात्यांचं, मागचं १८. फ्रेम बहुधा २२ इंची, नाहीतर २४. क्रँक साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिलिमीटर.

ही सगळी मापं एका माणसाची आहेत. साधारण साडेपाच फूट उंचीचा, दोन्ही गुडघे नीट वाकणारा, दांडीवरून तंगडी टाकता येईल असे कपडे घातलेला पुरुष. बाकीच्यांनी काय करायचं, ते ज्याचं त्यानं बघायचं. म्हणून मुलं दांडीखालून पाय घालून, कंबरेत वाकडी होऊन हाफ पायडल मारायची. मीही मारलं. म्हणून कुठल्या कुठल्या घरांत सायकल असूनही मुलींना ती यायची नाही. मला आली, कारण अण्णांनी मागून कॅरिअर धरलं आणि शेजारच्यांकडे बघितलं नाही. पुढे लुधियान्यात चौदा वर्षं सलवार-कमीज घालून त्याच सायकलीवरून मी बँकेत गेले. दांडीवरून पाय टाकायचा म्हणजे सायकल आधी डावीकडे पुष्कळ कलवायची. ही युक्ती अंगवळणी पडली होती. आपण सायकलीच्या मापाचे होतो आहोत हे अशा वेळी लक्षातही येत नाही.

दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडले. उजव्या गुडघ्याच्या खालचं हाड मोडलं, पट्टी आणि स्क्रू घातले, आणि कित्येक महिन्यांच्या व्यायामानंतर गुडघा ९५ अंशांवर येऊन अडला. खुर्चीत बसता येतं. जिना चढता येतो, उतरताना कठडा लागतो. फिजिओथेरपीवाल्या मुलीने कोनमापक लावून दर आठवड्याला आकडा लिहिला आणि काही आठवड्यांनी तोच आकडा लिहायचं दोघींनाही कंटाळवाणं झालं. तिने व्यायामाच्या सायकलवर बसवलं, तर पेडल अर्ध्या फेरीपर्यंत जाई, आणि वर येता येता गुडघा थांबवी. मग मागे, मग पुढे, झोपाळ्यासारखं. पूर्ण फेरीसाठी गुडघा साधारण १०५ ते ११० अंश वाकावा लागतो, असं तिने सांगितलं. मला दहा-पंधरा अंश कमी पडत होते.

घरी येऊन मी पट्टी काढली. गुडघ्याचा कोन वाढत नसेल तर पेडलचं वर्तुळ लहान करायचं, एवढाच विचार. क्रँक म्हणजे त्या वर्तुळाची त्रिज्या. ती १६५ ऐवजी १२७ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच केली, तर वर आलेलं पेडल ३८ मिलिमीटर खाली येतं. पण हिशेब इथे संपत नाही. खाली गेलेलं पेडलही तितकंच वर येतं, म्हणून पाय सरळ करायला सीट ३८ मिलिमीटर उंच करता येते. दोन्ही मिळून ७६. वरच्या टोकाला सीट आणि पेडल यांत साडेसात सेंटिमीटर जास्त जागा. अडलेल्या गुडघ्याला साडेसात सेंटिमीटर म्हणजे चौकातली बंद गल्ली उघडण्यासारखं आहे.

मोठ्यांसाठी पाच इंची क्रँक मिलरगंजात कोणीही करत नाही. दुकानदारांनी मान हलवली, एकाने तर "किसके लिए?" असंही विचारलं. पण लहान मुलांच्या सायकलीचा क्रँक पाच इंची असतो, आणि तो हव्या तितक्या संख्येने टोपलीत पडलेला असतो. मी अण्णांच्या सायकलीतली कॉटर खिशात घालून नेली होती. ती त्या पोराच्या क्रँकच्या भोकात घातली. बसली. पेडलचे आटे पाहिले. तेही तेच, ९/१६ इंची, डाव्या बाजूचे उलटे. अ‍ॅक्सलचं भोक तेच. मोठ्यांची सायकल आणि पोराची सायकल यांच्यात क्रँकच्या लांबीखेरीज काहीच बदललेलं नव्हतं. ज्या एकाच मापाच्या आग्रहाने मला सायकलीवरून उतरवलं होतं, त्याच आग्रहामुळे पोराचा क्रँक माझ्या सायकलीला बसत होता. हे कळल्यावर मी दुकानातल्या स्टुलावर थोडा वेळ बसून राहिले.

कॉटर काढायची म्हणजे आधी नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही, त्याने आटे वाचतात. क्रँकच्या खाली जाड लाकडी ठोकळा टेकवायचा, म्हणजे हातोडीचा घाव छऱ्यांच्या वाट्यांवर न जाता जमिनीत जातो. मग एक घाव, मनापासून. दहा हलक्या घावांनी पिन नुसती चेमटते. डावी कॉटर पहिल्या घावात निघाली. उजवीला रात्रभर घासलेट पाजलं, तेव्हा सकाळी निघाली. ती हातात घेतली तर तिचा तिरपा भाग कारखान्यात घासलेला नव्हता. कानशीचे ओरखडे आडवे, एकसारखे, आणि टोकाकडे जरा जास्त खोल. अण्णा कानस अशीच चालवायचे, पुढे ढकलताना शेवटी जोर द्यायचे. बदललेली कॉटर जरा जाड आली असणार, ती त्यांनी ओट्यावर बसून आपल्या हातांनी मापात आणली होती.

मग मी बाकीचं नीट बघू लागले. मागचं कॅरिअर मूळचं नव्हतं, दुधाच्या किटल्या लावता याव्यात म्हणून जाड सळईचं घडवून घेतलेलं. पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी आधाराच्या सळया. डायनॅमोचा क्लॅम्प, डायनॅमो गेलेला. काळ्या रंगाखाली हिरवा रंग, हिरव्याखाली पुन्हा काळा. आणि दांडीच्या मधोमध ट्यूबचा तुकडा गुंडाळून वर क्लॅम्प आवळल्याचा वळ. तिथे माझी छोटी सीट होती, माझ्यानंतर भावाची. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरने १९७४ साली पतपेढीचं कर्ज काढून घेतलेली सायकल जशी दुकानातून निघाली तशी एक वर्षही राहिली नसावी.

लहान क्रँकने पाय कमी फिरतो, पण तरफ आखूड झाल्याने जोर जास्त लागतो. गियरचा हिशेब करताना चाक आणि दातेच मोजायची जुनी रीत आहे. अमेरिकेतले शेल्डन ब्राऊन, जे २००८ साली गेले, त्यांनी क्रँकची लांबीही हिशेबात धरली पाहिजे असं मांडलं. पाऊल जितकं सरकतं त्याच्या किती पट सायकल सरकते, ते बघायचं. माझ्या सायकलीचं चाक त्रिज्येने ३५५ मिलिमीटर. जुन्या जोडीत, १६५ चा क्रँक आणि ४४ ला १८, हा आकडा येतो ५.२६. नवा क्रँक पोराच्या ३६ दात्यांच्या चक्रासह आला. मागे १८ च ठेवले तर ५.५९, म्हणजे आधीपेक्षा जड. मागे २० दात्यांचं फ्रीव्हील घातलं, तर ५.०३. थोडं हलकं, दुखऱ्या पायाला हवं तेवढंच. पूर्वी पेडलच्या एका फेरीत सायकल साडेपाच मीटर जायची, आता चार. घाई कुणाला आहे?

चेन आखूड करताना एक गंमत झाली. पुढे आठ दाते कमी, मागे दोन जास्त. चेन दोन्ही चक्रांच्या अर्ध्याच दात्यांवर असते, म्हणून हिशेबाने चार कड्या काढायच्या आणि एक ठेवायची, उरल्या तीन. पण चेनमध्ये एक कडी आतली, एक बाहेरची अशी आळीपाळीने असते. दोन काढता येतात, चार काढता येतात, तीन काढता येत नाहीत. दोन काढल्या, आणि चाक पाव इंच मागे ओढलं. मागच्या चिमट्याच्या उघड्या खाचा त्यासाठीच लांब ठेवलेल्या असतात. बदलाला जागा ठेवणाऱ्या कुणा अनोळखी माणसाबद्दल असं अधूनमधून बरं वाटतं.

इथवर सगळं उलट फिरवता येण्यासारखं होतं. जुना क्रँक लावला की सायकल पुन्हा जशीच्या तशी. राहिली होती ती दांडी. पाय मागून उचलून टाकायला गुडघा वाकत नाही, आणि सीट आता आणखी उंच. दांडी असेपर्यंत मला त्या सायकलीवर चढता येणार नव्हतं.

भाऊ कराडला असतो. फोनवर सांगितलं तर तो गप्प झाला. मग म्हणाला, "अगं ताई, लेडीज सायकल घे ना नवी. मी पैसे पाठवतो. अण्णांची कापायला कशाला निघालीस? इकडे पाठव, मी हॉलमध्ये भिंतीवर लावतो. लोक लावतात हल्ली." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. ज्या दांडीचा मी प्रश्न करून बसले होते, तिच्यावर तोही बसलेला होता. मी त्याला कॉटरचं सांगितलं, रंगाच्या थरांचं सांगितलं. म्हणाले, "अण्णांची सायकल म्हणजे नक्की कुठली रे? दुकानातून आणली ती, की किटल्यांसाठी बदलली ती?" तो म्हणाला, "हे तुझं बँकेतलं बोलणं झालं." आईला विचारायचं ठरलं. आई ब्याऐंशीची आहे. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "कापल्यावर चालवशील ना नक्की? नुसती कापून ठेवणार असशील तर नको." पुढच्या रविवारी भावाचा निरोप आला: नळीचा तुकडा टाकू नकोस.

मिस्त्रीजी सत्तरीचे आहेत. त्यांच्या शेडमध्ये गॅसची नळकांडी आणि चौकटी जोडायचं जुनं फिक्श्चर आहे. त्यांनीही आधी नवीच सायकल घ्यायला सांगितलं. "बहनजी, सस्ती पड़ेगी." मी म्हणाले, सस्तीसाठी नाही. मग त्यांनी चौकटीवर बोट फिरवून समजावलं. दांडी, खालची नळी आणि सीटची नळी मिळून पुढचा त्रिकोण होतो, त्यात वजन नळ्यांच्या लांबीतून जातं. दांडी काढून नुसती एक नळी खाली तिरपी जोडली, तर ती सीटच्या नळीला मधोमध ढोसत राहील आणि ती नळी एक दिवस वाकेल. म्हणून तिरपी नळी जिथे सीटच्या नळीला मिळते, तिथूनच दोन बारीक नळ्या मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत न्यायच्या. जोर मग थेट मागच्या चाकाकडे जातो. भंगारातल्या एका चिमट्याच्या नळ्या त्यांनी त्यासाठी बाजूला काढल्या. मागच्या ब्रेकची सळई खालच्या नळीला धरून जाते, तिला धक्का लागणार नव्हता.

कापायचं काम मी घरी गॅलरीत केलं. रंग खरवडला, खूण केली, करवतीला नवं पातं लावलं. एक इंची नळी कापायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आतली भिंत पन्नास वर्षांनीही चकचकीत होती. पुरेशी जाड नळी, म्हणून तर हे शक्य होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला झाळ लागली की तिची ताकद जाते, पुन्हा भट्टीत घालून आणावी लागते. कार्बनच्या चौकटीला तर हे करताच येत नाही. साधं पोलाद कापून घेतं, तापवून घेतं, पुन्हा जोडून घेतं.

नव्या नळीची दोन्ही टोकं माशाच्या तोंडासारखी घासायची असतात, म्हणजे ती गोल नळीला फट न ठेवता कवेत घेतात. अर्धगोल कानशीने मी तीन दुपारी तेच केलं. घासायचं, लावून बघायचं, उजेडाकडे धरायचं, जिथून उजेड दिसतो तिथे पुन्हा घासायचं. शेवटी शेवटी माझा हात पुढे ढकलताना टोकाशी जोर देऊ लागला, हे मला ओरखडे बघून कळलं.

पितळेने जोडायचं काम मिस्त्रीजींचं. सांध्याला टाकणखार लावला, ज्योत फिरवली. पोलाद वितळवायचं नसतं, ते नारिंगी लाल झालं की पुरे. नऊशे अंशांच्या आसपास पितळेची सळई टेकवताच पाण्यासारखी पळते आणि फटीत शिरते. त्यांच्याकडे मोजायला काही नव्हतं, रंग बघत होते. गार झाल्यावर त्यांनी दोरा काढला. मागच्या एका खाचेतून दोरा पुढच्या डोक्याच्या नळीभोवती घेऊन दुसऱ्या खाचेत आणला, आणि दोन्ही बाजूंनी सीटच्या नळीपर्यंतचं अंतर मोजलं. उजवीकडे दोन मिलिमीटर जास्त होतं. लांब लोखंडी बार घालून त्यांनी मागचा चिमटा थंडच हळूहळू दाबला, पुन्हा दोरा, पुन्हा दाब. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. मग गव्हाचं पन्नास किलोचं एक पोतं सीटवर आणि दुसरं कॅरिअरवर बांधून त्यांच्या नातवाने ती सायकल दिवसभर शेडच्या आवारात ढकलत फिरवली. संध्याकाळी भिंगाने सांधे पाहिले. तडा नव्हता.

आता ती सायकल दिसायला चांगली नाही. जुन्या दांडीची खोबण कानशीने घासून सपाट केली आहे, पण तिथे काहीतरी होतं हे कुणालाही कळतं. नवीन नळीवर रेड ऑक्साइड आहे, बाकी काळं. पोराच्या ३६ दात्यांच्या चक्रामुळे ती समोरून बारक्या पायांची वाटते. मी मधून पाय घालते, पुढे उभी राहते, डाव्या पेडलवर जोर देते आणि सीटवर सरकते. पहिली पूर्ण फेरी झाली तेव्हा उजव्या गुडघ्याने वरच्या टोकाला जरा कुरकुर केली आणि पलीकडे गेला. पहाटे रहदारी नसते तेव्हा चार किलोमीटर होतात. भावाला व्हिडिओ पाठवला. त्याने उत्तरादाखल विचारलं, दांडीचा तुकडा कधी पाठवतेस. तो मी पुसून, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे. ट्यूबचा वळ त्यावर आहे. दिवाळीला स्वतः घेऊन जाईन.

अ‍ॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो जागतिक सायकल दिन होता. तरी तिच्या एकाही भागासाठी मला अडून राहावं लागलेलं नाही, कारण तिचं काहीच तिचं एकटीचं नव्हतं. आता दुकानांत ज्या महागड्या सायकली आहेत, त्यांचा मधला अ‍ॅक्सल प्रत्येक कंपनीगणिक निराळा, वेगळ्या हत्याराने निघणारा. त्या वेगवेगळ्या मापांच्या माणसांसाठी मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. माणसाचं माप मधेच बदललं तर काय, हे त्यांना अजून विचारायचं आहे.

मागच्या महिन्यात फिजिओवाल्या मुलीने कोनमापक लावलं, १०१ अंश. सायकलीमुळेच, असं ती म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. मिस्त्रीजींना सांगितलं तर त्यांनी टोपलीत हात घालून साडेपाच इंची क्रँकची जोडी काढली, जरा मोठ्या मुलांच्या सायकलीची, १४० मिलिमीटर. आणखी थोडा वाकला की हे लावू म्हणाले. तेलकट कागदात गुंडाळलेली ती जोडी कपाटात आहे. कॉटर त्याच चालतील.